डब्याचं वय

सिंगापुरातल्या बुकित बातोकच्या त्या फ्लॅटवर मी खोली बघायला गेले, तेव्हा बेल वाजवायच्या आतच एक बाई माझ्या अंगावर ओरडली, "चपला बाहेर! बाहेर म्हणजे बाहेर!" मी दचकून चपला काढल्या. दार उघडलं तर समोर हाफपॅन्टवर इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले, खिशाला पेन लावलेले एक गृहस्थ उभे. बाई कुठेच नाही. मी त्यांच्या खांद्यावरून आत डोकावून पाहिलं.

"ती आमची सौ.," ते म्हणाले. "म्हणजे तिचा आवाज. ती स्वतः नोव्हेनाला दात दाखवायला गेलीय."

काकांची आणि माझी पहिली भेट ही अशी. पुढे बरीच वर्षं मी त्यांच्या घरात भाडेकरू म्हणून राहिले. आता सेरंगूनला माझं स्वतःचं घर आहे, संसार आहे, सगळं झकास आहे. पण एखाद्या भिंतीने खेकसल्याशिवाय दिवस सुरू झालाय असं मला अजून वाटत नाही.

काका मूळचे साताऱ्याचे. एका जहाज कंपनीत हिशेबतपासनीस म्हणून सिंगापूरला आले, पीआर, म्हणजे कायमचे रहिवासी झाले, मुलगी इथेच झाली, आणि निवृत्त झाल्यावर करायला काही उरेना तेव्हा त्यांनी अख्ख्या घराला विजेवर बोलायला शिकवलं. फ्रिजचं दार उघडं राहिलं की काकूंचा आवाज यायचा, "थंडी बाहेर चाललीय!" आंघोळीला जास्त वेळ लागला की, "झाली का गंगास्नानं?" आणि मागोमाग गरम पाणी बंद. मी एकदा डोक्याला शांपू लावलेल्या अवस्थेत भिंतीची माफी मागितलेली आहे.

सगळे निरोप काकूंच्याच आवाजात का, असं मी विचारलं, तर काका म्हणाले, "गोड आवाजात सांगितलेलं या घरात कोणी ऐकत नाही. प्रयोग करून पाहिलाय."

काकू आतून म्हणाल्या, "मी जिवंत असतानाच माझं भूत करून ठेवलंय यांनी. जिथे जाते तिथे मीच मला ओरडते!"

या सगळ्या कारभाराचा मेंदू होता त्या घरातल्या शेल्टरमध्ये. सिंगापूरच्या बऱ्याच फ्लॅटमध्ये अशी एक जाड भिंतींची, लोखंडी दाराची कोंदट खोली असते, युद्धबिद्ध झालं तर लपायला. लोक त्यात सुटकेसा आणि तांदळाची पोती ठेवतात. काकांनी त्यात एक स्टूल, एक पंखा आणि लुकलुकणारी यंत्रं ठेवली होती. काका आत जाऊन बसले की काकू सांगायच्या, "साहेब बंकरमध्ये गेलेत."

पण या घराचं खरं दैवत होतं ते हॉलमध्ये. देव्हाऱ्याच्या शेजारी एक छोटा पिवळा दिवा आणि त्याखाली भिंतीवर टॅबलेट. त्यावर एकच आकडा ठळक. मी राहायला आले त्या दिवशी तिथे होतं, 'वय: तेवीस तास'. मी बघत असतानाच दिवा विझला. तासाभराने पुन्हा लागला, तेव्हा आकडा झाला होता 'एक मिनिट', आणि कपाटावरच्या स्पीकरमधून काकू ठणठणीत आवाजात म्हणाल्या, "सासूबाई परतल्या!"

काकांनी मान डोलवली. काकूंनी, म्हणजे खऱ्या काकूंनी, कणीक मळता मळता "आल्या बाई एकदाच्या" म्हटलं. पॉलिटेक्निकला जाणाऱ्या त्यांच्या लेकीने मोबाइलमधून डोकंही वर काढलं नाही. मी मात्र दाराकडे बघत बसले. कोणी आलंच नाही.

मग उलगडा झाला. साताऱ्यात काकांची आई एकटी राहत होती. वय ऐंशीच्या पुढे, दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट, आणि 'मी माझ्या घरातच राहणार' ही भीष्मप्रतिज्ञा. नातीचे फोटो, व्हिडिओ, कीर्तनं, भजनं तिला टीव्हीवर बघता यावीत म्हणून काकांनी तिच्याकडे एक नेटवर्क स्टोरेज बसवलं होतं. म्हणजे हार्ड डिस्क भरलेला डबा, जो घरातल्या नेटला जोडून कायम चालू ठेवायचा. आपण सिंगापुरातून फोटो टाकला की तो तिकडे आजींच्या टीव्हीवर. आम्ही सगळे त्याला डबाच म्हणायचो. आणि टॅबलेटवरचा आकडा म्हणजे डबा शेवटचा सुरू झाल्यापासून किती वेळ न थांबता चालतोय तो. आमच्या धंद्यात त्याला अपटाइम म्हणतात. काका म्हणायचे वय.

आता मी पडले सर्व्हर सांभाळणारी बाई. माझं पोट अपटाइमवर चालतं. आमच्या ऑफिसात एखादं मशीन वर्षभर न थांबता चाललं की लोक केक आणतात. इथे बघते तर डब्याचं वय कधी दिवसाच्या पुढे जातच नव्हतं! आणि वर काकांनी रंग लावले होते तेही उलटे. वय लहान असलं की दिवा पिवळा, आणि दिवस उलटून वर तासभर झाला की लाल.

न राहवून मी म्हटलं, "काका, तुमचं काहीतरी उलटं झालंय. अपटाइम वाढला तर चांगलं. लाल उलट्या बाजूला हवा. देऊ का नीट करून?"

"तुमच्या ऑफिसात चांगलं," काका म्हणाले. "माझ्या घरात नाही."

"अहो, पण रोज बंद का पडतो तो?"

"पडत नाही. आई बंद करते."

आजींची पिढी कोणती हे लक्षात घ्या. घरातून बाहेर पडताना सगळी बटणं बंद करून, गॅसचा नॉब दोनदा बघून, कुलूप ओढून बघणारी. आजी रोज सकाळी आठच्या सुमारास, म्हणजे आमच्याकडे साडेदहाला, देवळात जायच्या. जाताना दाराशेजारचं मोठं बटण खटकन बंद. पंखा बंद, टीव्ही बंद, डबा बंद. तासाभराने परत आल्या की बटण चालू.

काकांनी आधी पुष्कळ डोकं आपटलं होतं. असा धाडकन बंद केला तर डबा खराब होतो, असं फोनवर समजावलं. आजी म्हणाल्या, "घरात मी नाही, तर तो कोणासाठी जागा राहतो?" बटणावर चिकटपट्टी लावली. आजींनी ती काढून फाटक्या पंचांगाला लावली. 'बंद करू नये' अशी चिठ्ठी लावली. आजींनी शेजारणीला सांगितलं, पोराचं अक्षर अजून सुधारलं नाही. आजी एकदा सिंगापूरलाही येऊन गेल्या, तेव्हा लिटल इंडियातल्या देवळाला निघताना सवयीने इथलंही सगळं बंद करून गेल्या, आणि काकांचं बोलकं घर दिवसभर मुकं झालं. काकू सांगतात, लग्नानंतर सासूचा मनापासून अभिमान वाटला तो त्याच दिवशी.

शेवटी काकांनी हात टेकले. आणि मग हिशेबतपासनिसाचं डोकं चाललं. आईला रोज फोन केला तरी ती काय सांगायची? "मी ठीक आहे." ताप असला तरी ठीक आहे, पाय सुजला तरी ठीक आहे. काकांचं म्हणणं, "'ठीक आहे' हा शब्द ऑडिटमध्ये चालत नाही." कॅमेरा लावला होता, त्यावर आजींनी भाजीची पिशवी अडकवली. "सुनेने सांगितलं असेल पाळत ठेवायला," असंही म्हणाल्या, त्यावरून काकूंनी आठवडाभर काकांशी अबोला धरला. पण बटण? बटण आजी रोज, न चुकता, स्वतःच्या पायांनी दारापर्यंत चालत जाऊन दाबत होत्या.

"म्हणजे तिचे पाय चालतायत, हात चालतोय, डोकं चालतंय, आणि परत येताना जिनाही चढतेय," काका म्हणाले. "एका बटणात चार गोष्टी कळतात. कुठला डॉक्टर रोज एवढं सांगेल?"

मी हरकती काढल्या. धंदाच आहे माझा. "वीज गेली तर?"

"इन्व्हर्टर बसवलाय. डबा मरतो तो फक्त आईच्या बोटाने."

"नेट गेलं तर?"

इथे काका खुश झाले. "नेट गेलं तर डबा दिसेनासा होतो, दिवा विझतो. पण नेट आलं की वय तेवढंच असतं, वाढलेलं. आईने बंद केला असेल तर वय शून्यापासून. म्हणून नुसता दिसतो की नाही हे मी बघतच नाही. मी वय बघतो."

जे यंत्र बंद पडू नये म्हणून मी पगार घेते, ते रोज बंद पडावं म्हणून हा माणूस देवापाशी दिवा लावत होता.

पुढे पुढे मलाही त्याची सवय लागली. ऑफिसला सुट्टी असली की मीसुद्धा साडेदहाला हॉलमध्ये रेंगाळायचे. समोरच्या फ्लॅटमधल्या चिनी अंकलना लोखंडी जाळीच्या दारातून रोज ऐकून तेच दोन शब्द पाठ झाले होते. उशीर झाला की ते जाळीपाशी येऊन सिंगापुरी इंग्रजीत विचारायचे, "सासुबाय नॉट बॅक येट आह?" एक दिवस पावसामुळे आजी बाहेरच पडल्या नाहीत आणि दिवा लाल झाला, तर काकांनी फोन करून आईला सांगितलं, "आई, छत्री घे आणि निदान खालपर्यंत जाऊन ये." आजींना वाटलं, पोराला परदेशात वेड लागलं. डब्याची भानगड त्यांना काकांनी कधी सांगितलीच नव्हती. कळलं तर त्या मुद्दाम बंद करायच्या थांबतील, ही त्यांना भीती.

आणि मग तो शनिवार.

मी दुपारी खालच्या हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या स्टॉलवरून चिकन राइस घेऊन वर आले, तर दिवा लाल. काका टॅबलेटसमोर उभे. साताऱ्यात तेव्हा सकाळचे साडेदहा वाजून गेले असतील. पाऊस नाही, पाहुणे नाहीत, काही नाही. काकांनी आईचा फोन लावला. वाजून वाजून थांबला. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"झोपल्या असतील," मी म्हटलं. मला काहीतरी बोलायचं होतं.

काकांनी शेजारच्या वहिनींना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. काकू ओल्या हातांनी बाहेर आल्या. वहिनी अगदी निवांत होत्या. "अहो भाऊजी, काळजी करू नका. मजेत आहेत त्या. सकाळपासून भजनाचा आवाज येतोय की! टीव्ही मस्त चालू आहे."

"वहिनी," काका म्हणाले, "टीव्ही चालू आहे म्हणूनच म्हणतोय. तिची देवळात जायची वेळ कधीच होऊन गेली. आई घरात आहे आणि फोन उचलत नाही. दार वाजवा."

दार वाजवल्याचा आवाज आम्हाला इकडे ऐकू आला. मागे भजन. उत्तर नाही. भांडीवाली गावाला गेलेली, दुसरी किल्ली तिच्याकडे.

वहिनींचे यजमान फोनवर आले. समजूतदार माणूस, आणि समजूतदार माणसांचा अशा वेळी फार राग येतो. म्हणाले, "थोडं थांबू या का? भांडीवालीला निरोप धाडतो. उगाच दाराची नासधूस कशाला? सागवानी दार आहे, तुम्हीच दिवाळीत बसवलंय."

"फोडा," काका म्हणाले.

"अहो, पण तुम्हाला तिथे बसून कसं कळणार की..."

"मला कळतंय! डब्याचं वय वाढलंय! दार माझं, आई माझी. पहार आणा आणि फोडा!"

काकांनी आवाज चढवलेला मी कधी ऐकला नव्हता. घरात ओरडायचं काम काकूंचं होतं. पण त्या वेळी काकूंनी ओल्या हातानेच काकांचं मनगट घट्ट धरलं. मुलगी येऊन सोफ्याच्या हातावर बसली होती. "आजी ओके, राइट?" ती मला विचारत होती. "बाबा, आजी ओके ना?" मी देव्हाऱ्याकडे बघितलं, मग तिकडेही बघवेना.

पहारीचे घाव ऐकू येत होते. एक, दोन, मग लाकूड कडाडल्याचा आवाज, आणि भजन एकदम मोठ्याने. मग पळापळ. वहिनी कोणालातरी हाका मारतायत. आणि मग त्यांचा आवाज, फाटलेला, "आहेत! आहेत हो भाऊजी! बाथरूममध्ये पडल्यात! डोळे उघडे आहेत, बोलतायत!"

"काय म्हणतेय?" काकांनी विचारलं.

वहिनी रडत होत्या की हसत होत्या कळेना. "म्हणतायत, आधी तो टीव्ही बंद करा, सकाळपासून वीज जळतेय मेली!"

आमच्या हॉलमध्ये जो काही कल्लोळ झाला! काका खालीच बसले, फरशीवर, पांढऱ्या शर्टासकट, आणि ओंजळीत तोंड घालून हमसून हमसून रडले. काकू त्यांच्या पाठीवर थापट्या मारत रडत होत्या आणि मधूनच फोनकडे तोंड करून "पाणी पाजू नका हो, आधी डॉक्टर!" असं सातारा हादरवणाऱ्या आवाजात सांगत होत्या. मुलगी मला मिठी मारून उड्या मारत होती. समोरचे अंकल जाळीपाशी आले. त्यांना कसं सांगायचं कळेना, तर मी नुसता अंगठा वर केला, आणि त्यांनी दोन्ही अंगठे वर केले.

पहाटे आजी पाय घसरून पडल्या होत्या. टीव्हीच्या भजनात त्यांच्या हाका कोणाला ऐकूच आल्या नव्हत्या. खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत तशाच राहिल्या असत्या तर कठीण होतं. काका त्याच दिवशी विमानात बसले.

ऑपरेशन चांगलं झालं. पण आजी पुन्हा चालतील की नाही, हे सांगायला कोणी तयार नव्हतं. नातेवाईक म्हणजे सल्ल्यांची पेढीच. फ्लॅट विका, आश्रमात ठेवा, सिंगापूरला न्या. आजींचा एकच घोष, "मी माझ्या घरातच राहणार." काकांनी सगळ्यांना सांगून टाकलं, "ती स्वतः बटण दाबेल तोपर्यंत फ्लॅट विकणार नाही. दाबेनाशी झाली, तर बघू." काही आठवडे राहून, दिवसरात्रीची एक मावशी ठेवून ते परतले. मावशींना सक्त ताकीद होती, घरातलं काहीही करा, दाराशेजारच्या बटणाला हात लावायचा नाही.

आणि आजींना त्यांनी तेव्हा डब्याचं सगळं सांगितलं. आजी आधी चिडल्या. "म्हणजे मी देवळात जाते ते तुला सिंगापुरात कळतं? आणि तू बोलला नाहीस?" मग त्यांनी विचारलं म्हणे, "सुनेलाही कळतं?"

"तीच तर सांगते सगळ्यांना. रोज. मोठ्यांदा."

त्यानंतर मात्र फोनवर आजी काकूंशी आधी बोलायला लागल्या, मुलाशी नंतर.

इकडे दिवा लालच. डब्याचं वय दिवसांनी वाढत होतं, आठवड्यांनी वाढत होतं, आमच्या ऑफिसात केक कापला असता इतकं झालं. मी काकांना म्हटलं, नियम थोडे दिवस बदलू या का, रोज लाल बघवत नाही. काका म्हणाले, "नाही. हिशेब चुकतोय तोपर्यंत लालच दिसला पाहिजे." काकू रोज देवाला दिवा लावताना त्या लाल दिव्याकडे बघायच्या आणि पुटपुटायच्या, "उठा हो आता. किती दिवस पडून राहायचं?" हीच बाई पूर्वी 'आल्या बाई एकदाच्या' म्हणायची.

मध्ये दोनदा दिवा विझला. दोन्ही वेळा आम्ही सगळे टॅबलेटसमोर येऊन उभे राहिलो, आणि दोन्ही वेळा तो पुन्हा लागला तो लालच. नेट गेलं होतं. दुसऱ्या वेळी काका बंकरमध्ये जाऊन बसले आणि जेवायलाही बाहेर आले नाहीत.

म्हणून तिसऱ्यांदा विझला तेव्हा कोणी टॅबलेटकडे गेलंच नाही. रविवार होता. काकू पोहे करत होत्या. काका पेपरमागे तोंड लपवून बसले. "नेट असेल," ते पेपरातूनच म्हणाले. मी हो म्हटलं. मुलगी म्हणाली, "कन्फर्म नेट, लाह." पण पेपरचं पान काही उलटलं जात नव्हतं. पोहे खाली लागायला लागले, तरी काकू उलथनं हातात घेऊन हॉलच्या उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

दिवा लागला.

पिवळा.

आणि कपाटावरून तो खणखणीत आवाज, ज्याच्यावर इतके दिवस धूळ बसली होती, "सासूबाई परतल्या!"

खऱ्या काकूंच्या हातातलं उलथनं खाली पडलं. काका उठले, पेपरासकट उठले. "आई!" ते ओरडले, नुसतंच, टॅबलेटकडे बघून. फोन वाजला. काकांच्या हाताला तो लागेना, तर मीच उचलून स्पीकर चालू केला.

"काय रे, दिसलं का?" आजी धापा टाकत होत्या, पण आवाजात पूर्वीचा सगळा ठसका होता. "वॉकर घेऊन गेले होते. देवळापर्यंत नाही हो जमलं. समोर वहिनींकडे जाऊन चहा पिऊन आले. जाताना बंद केलं, येताना चालू केलं. मावशीला हात लावू दिला नाही. मुकाट्याने बस म्हटलं तिला. सुनेला सांग हो."

"ऐकलं हो आई, ऐकलं!" काकू रडत ओरडल्या. "तुमचा फोन यायच्या आधीच मी सांगितलं सगळ्यांना!"

समोरच्या दाराची जाळी खडखडली. अंकल बनियनवरच बाहेर आले होते. "सासुबाय बॅक?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघताच टाळ्या वाजवायला लागले. पोहे जळले. आम्ही ते जळके पोहेच खाल्ले, अंकलनाही एक बशी दिली, आणि काकांनी त्या दिवशी पहिल्यांदाच भिंतीला गप्प बसवून गरम पाणी हवं तितका वेळ चालू ठेवलं.

मी बशी घेऊन टॅबलेटपाशी उभी होते. वर्षानुवर्षं न थांबता चाललेले सर्व्हर मी सांभाळलेत, त्यांच्यासाठी केक खाल्लेत, शाबासक्या घेतल्यात. पण त्या भिंतीवर त्या सकाळी जो अपटाइम होता तसा मी आयुष्यात बघितलेला नाही. एक मिनिट.